तिकिटावरचा खेळाडू

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे तो तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. आणि ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, त्याचं नाव तर बहुधा कुणी ऐकलंही नसेल. 2025च्या जूनपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. मला तो भेटला एका पोस्टाच्या तिकिटावर.

मी तारखात्यातला माणूस. 1974 साली मुंबईच्या तारघरात चिकटलो आणि 2013 साली निवृत्त झालो. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातली तारसेवाही बंद झाली. आमच्या घरात तेव्हा विनोद झाला, की बाबा गेले आणि खातंच बंद पडलं. पण मला नोकरी लागली ती काही इंग्रजी चांगलं होतं म्हणून नव्हे. मी लालबागच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचो. उजवा कोपरारक्षक. घोट्याची पकड चांगली होती, आणि खात्याला संघासाठी मुलं हवी होती. गिरणगावातल्या कितीतरी मुलांना त्या काळी असंच पोटाला लागता आलं. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी गिरणीतच.

माझी लेक डब्लिनला असते. 2025च्या उन्हाळ्यात तिच्याकडे तीन महिने राहिलो. तेरा वर्षांचा नातू आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बूट घेऊन मैदानावर जायचा. पाऊस असो, गारठा असो. तिथला उन्हाळा म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा जुलै समजा. चिखलात माखून यायचा. बरं, संघात त्याची जागा पक्की म्हणाल तर तीही नाही. बहुतेक सामने बाकावर बसून. एकदा न राहवून मी त्याला विचारलं, "अरे, एवढं करून पुढं मिळणार काय यातून?"

तो म्हणाला, "काही नाही, आजोबा. यात कुणालाच काही मिळत नाही."

मला वाटलं, पोरगं उलट बोलतंय. पण ते खरं होतं. हा खेळ म्हणजे गेलिक फुटबॉल, आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल. 1884 साली त्यांनी आपल्या देशी खेळांसाठी संघटना काढली, इंग्रजांचं राज्य असताना, इंग्रजांच्या खेळांना उत्तर म्हणून. तेव्हापासून आजतागायत या खेळात पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर माणसं तिकीट काढून बसतात, आणि मैदानावर धावणारे तीस जण सोमवारी सकाळी आपापल्या कामावर जातात. कुणी शाळेत शिकवायला, कुणी शेतावर, कुणी बँकेत. आता प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडं अनुदान मिळतं. पण खेळाडूची खरेदी-विक्री नाही. ज्या गावचा, ज्या काउंटीचा तुम्ही, तिच्याकडूनच खेळायचं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.

लेकीच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. मूळचे केरी काउंटीचे, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचे. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. माझा आणि नातवाचा संवाद त्यांच्या कानावर गेला असावा. मी पोस्ट आणि तारेच्या खात्यात होतो हे कळल्यावर एके दिवशी त्यांनी पाकिटातून एक तिकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. आयरिश पोस्टानं 1999 साली छापलेलं. या खेळाच्या संघटनेनं त्या वर्षी सर्वकाळचा सर्वोत्तम असा पंधरा जणांचा संघ निवडला, आणि पोस्टानं पंधराही जणांची तिकिटं काढली. त्या तिकिटावरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हातारबुवा म्हणाले, "हा तुमच्याच खात्यातला."

तो मिक ओ'कॉनेल. वयानं माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा, पण मैदानावरच्या माणसाला अहो-जाहो करायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मीही 'तो'च म्हणतो.

आधी खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. एका बाजूला पंधरा खेळाडू, मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. चेंडू हातानंही धरायचा आणि पायानंही मारायचा. हातात घेऊन चार पावलं जाता येतं. त्यापुढं एकदा जमिनीवर टप्पा मारायचा किंवा पायाच्या चवड्यानं उडवून परत हातात घ्यायचा. गोलचे खांब इंग्रजी एच् अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. म्हणून धावसंख्या '3-7' अशी लिहितात, म्हणजे तीन गोल आणि सात गुण, मिळून सोळा. आता 2025पासून लांबून मारलेल्या चेंडूला दोन गुण देतात, पण आपली गोष्ट त्याआधीची आहे.

या पंधरांतले दोघं मैदानाच्या मधोमध खेळतात. गोलरक्षकानं मारलेला चेंडू आकाशातून त्यांच्यावर येतो. आजूबाजूला चार-पाच जण खांद्याला खांदा भिडवून उभे. त्यांच्यावरून उडी घ्यायची, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि चेंडू धरून खाली उतरायचं. उतरताक्षणी तो लांबवर, नेमक्या आपल्या माणसाकडे मारायचा. एवढंच काम. पण कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय नेमका कोणत्या क्षणी जमिनीवर टेकेल हे ज्या कोपऱ्याला आधी कळतं तोच पकड करतो. इथंही तसंच. उडी कुणालाही घेता येते. कधी घ्यायची हे ज्याला कळतं त्याच्याच हातात चेंडू येतो. ओ'कॉनेलचे जुने तुकडे शेजाऱ्यांनी मला दाखवले. काळा-पांढरा, धुरकट पडदा. त्यात एक माणूस बाकीच्यांच्या आधी वर जातो आणि त्यांच्यानंतर खाली येतो. मी ते परत परत लावायला सांगितलं. दोन्ही पायांनी सारखाच मारायचा. धक्काबुक्कीच्या वाटेला फारसा जायचा नाही.

त्याचा जन्म 1937चा, व्हॅलेंशिया नावाच्या बेटावर. केरीच्या टोकाशी अटलांटिक महासागरात अकरा-बारा किलोमीटर लांबीचं हे बेट. आणि इथं माझे कान टवकारले. कारण आमच्या खात्यात हे नाव जुन्या माणसांना ठाऊक असायचं. युरोपातून अमेरिकेला समुद्राखालून गेलेली पहिली तार या व्हॅलेंशियाहूनच निघाली, 1858 साली. राणी व्हिक्टोरियाचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे पोचवायला सोळा तास लागले. तीन-चार आठवड्यांत ती तार मुकी झाली. पण मुकी होण्याआधी तिच्यावरून जे थोडे संदेश गेले त्यांत एक आपल्याशी संबंध असलेला होता. 1857च्या उठावासाठी फौज कमी पडते म्हणून कॅनडातल्या दोन इंग्रज पलटणींना परत बोलावलं होतं. उठाव मोडत आल्यावर 'आता येऊ नका' हा हुकूम याच तारेवरून गेला. सरकारचे पन्नास हजार पौंड वाचले, असं सांगतात. पुढं 1866 साली 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानं व्हॅलेंशियाहून पक्की तार टाकली, आणि तेच जहाज 1870 साली मुंबईहून एडनपर्यंत तार टाकायला आपल्या किनाऱ्याला आलं. आमच्या तारघराची नाळ तिथं समुद्रातून कुठं कुठं जात होती ते पाहा.

ओ'कॉनेल याच बेटावरच्या केबल स्टेशनात नोकरीला होता. म्हणजे कडकट्ट ऐकत बसणारा माझ्याच जातीचा माणूस. फरक एवढाच, की मला खेळामुळे नोकरी मिळाली होती. त्याच्या नोकरीचा खेळाशी काही संबंध नव्हता.

1956 साली तो केरीच्या संघात आला. बेटाला तेव्हा पूल नव्हता. सरावाला किंवा सामन्याला जायचं तर आधी बोटीनं खाडी ओलांडायची, बहुतेक वेळा स्वतःच वल्ही मारत, मग पुढचा रस्ता. किलार्नीला सराव असला तर सत्तर किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, रात्री अंधारात पुन्हा वल्ही. म्हणून बहुतेक सराव बेटावर एकट्यानं. आजचे प्रशिक्षक हे ऐकून कपाळाला हात लावतील.

1959 साली तो केरीचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात केरीनं गॅलवेला 3-7 विरुद्ध 1-4 असं हरवलं. पंच्याऐंशी हजारांवर प्रेक्षक. ओ'कॉनेलचा गुडघा दुखावल्यामुळे त्याला मध्येच बाहेर यावं लागलं, पण सॅम मॅग्वायर कप कर्णधार म्हणून त्यानंच उचलला. हा कप म्हणजे तिथं काय चीज आहे हे सांगून कळणार नाही. तो गावात आला की लहान बाळांना त्यात बसवून फोटो काढतात. तर त्या संध्याकाळी सगळी केरी डब्लिनमध्ये जल्लोष करत होती, आणि कर्णधार गाडी पकडून घरी निघाला होता. रात्री उशिरा स्वतः वल्ही मारत बेटावर पोचला. कप कुठं होता? खेळाडूंच्या खोलीतच राहिला, असं सांगतात.

ही गोष्ट आयर्लंडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकजण तिचा वेगळा अर्थ लावतो. कुणी म्हणतं, शिष्ट माणूस. कुणी म्हणतं, लाजाळू. कुणी त्यात मोठं तत्त्वज्ञान पाहतं. मी शेजारच्या म्हातारबुवांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला घरी जायचं होतं." आणि चहा ओतायला लागले. मला वाटतं, यापेक्षा जास्त त्यात शोधू नये.

त्यानंतरची वर्षं काही सरळ गेली नाहीत. 1960 साली डाउन काउंटीनं केरीला अंतिम सामन्यात हरवलं आणि कप पहिल्यांदा सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये गेला. 1962 साली केरीनं रॉसकॉमनला हरवून तो परत आणला. टेलिव्हिजनवर थेट दिसलेला हा पहिला अंतिम सामना. त्याआधी सगळा देश हे सामने रेडिओवर ऐकायचा. मायकेल ओ'हेहिर नावाचे त्यांचे समालोचक होते. आपल्याकडे बाळ पंडितांचा आवाज ऐकून ज्यांनी कसोटी सामने डोळ्यांपुढे उभे केले त्यांना ते कसं असेल हे सांगायला नको. मग 1964 आणि 1965 अशी दोन वर्षं लागोपाठ गॅलवेकडून हार. मध्यंतरी ओ'कॉनेल खेळ सोडून बसला, लोकांनी तो संपला असं धरलं, आणि तो परत आला. 1968 साली पुन्हा डाउनकडून हार.

1966 साली, पहिल्या पक्क्या तारेला शंभर वर्षं झाली तेव्हा, व्हॅलेंशियाचं केबल स्टेशन बंद झालं. हा भाग मी शेजाऱ्यांकडून ऐकला तेव्हा जरा वेळ काही बोललो नाही. बंद झालेल्या तारघराचा अर्थ मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होता. मी मनात हिशेब मांडला: एकोणतीस वर्षांचा माणूस, दोन अजिंक्यपदं खिशात, नोकरीची जागा बंद. आता खेळ सोडून दुसरं काही पाहील. पण त्यानं उरलेली दोन अजिंक्यपदं मिळवली ती यानंतर. 1969 साली ऑफलीविरुद्ध, 1970 साली मीथविरुद्ध. 1970चा अंतिम सामना पहिल्यांदाच साठ मिनिटांऐवजी ऐंशी मिनिटांचा होता. त्यातला गाजलेला गोल ओ'कॉनेलचा नव्हे, तर मधल्या फळीतला त्याचा जोडीदार डी. जे. क्राउली याचा. 1972 साली पस्तिसाव्या वर्षीही तो अंतिम सामन्यात होता. बरोबरी झाली, आणि फेरसामन्यात ऑफलीनं केरीला हरवलं. 1974 साली त्यानं स्वतःच्या खेळावर पुस्तक लिहिलं. पदकांपेक्षा आपण खेळलो कसे, याचीच त्यात त्याला जास्त फिकीर दिसते.

1974. मी त्या वर्षी तारघरात रुजू झालो.

माझं खेळणं नऊ वर्षांत संपलं. 1983 साली वरच्या जागेची खात्याची परीक्षा होती आणि त्याच आठवड्यात आमच्या मंडळाचा अंतिम सामना. मंडळाची पोरं चाळीत बोलवायला आली. मी दारातच सांगितलं, जमणार नाही. मी तिशीचा होतो, अंगात अजून तीन-चार वर्षं होती. कुणी अडवलं नव्हतं. गुडघाही दुखत नव्हता. परीक्षा शनिवारी होती आणि सामना गुरुवारी रात्री. जमलं असतं. पण मनात हिशेब पक्का होता: खेळानं नोकरी द्यायची होती, ती दिली. व्यवहार पुरा झाला. परीक्षा पास झालो. त्यानंतर मी मैदानावर गेलो नाही, बघायलाही नाही. 2014नंतर टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात कबड्डी यायला लागली, लिलावात खेळाडूंवर लाखांच्या बोली लागायला लागल्या, तेव्हा मी घरात म्हणायचो, "आमच्या वेळी हे असतं तर!" लेकीनं एकदा विचारलं होतं, "असतं तर काय, बाबा? तुम्ही सोडलं नसतं?" मी उत्तर दिलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी केरीनं डोनेगॉलला 1-26 विरुद्ध 0-19 असं हरवून एकोणचाळिसावं अजिंक्यपद मिळवलं. आम्ही सामना म्हातारबुवांच्या घरी पाहिला. नव्या नियमांनुसार गोलरक्षकाला चेंडू चाळीस मीटरच्या रेषेपलीकडे मारावाच लागतो. मधल्या काळात गोलरक्षक जवळच्याच माणसाला अलगद देऊन टाकायचे, आणि उंच झेल घेणारा मधला खेळाडू दिसेनासा झाला होता. आता चेंडू परत आकाशात जायला लागलाय. केरीच्या कुणीतरी तसा एक झेल घेतला तेव्हा म्हातारबुवा खुर्चीतून अर्धवट उठले आणि हळूच परत बसले.

आठवड्यानं लेकीनं आम्हाला केरीला नेलं. वाटेतल्या गावागावांत हिरवे-सोनेरी झेंडे. व्हॅलेंशियाला आता पोर्टमगी गावाजवळ पूल आहे, तो ओ'कॉनेलची कारकीर्द उतरणीला लागल्यावर, 1970च्या सुमारास झाला. पण उन्हाळ्यात फेरीबोटही चालते. मी बोटीचाच हट्ट धरला. पाच मिनिटांचं पाणी. मी नातवाला म्हटलं, हे वल्ह्यानं ओलांडायला किती वेळ लागेल रे? तो म्हणाला, वारा कुठून आहे त्यावर. शहरातल्या पोराला हे कुणी शिकवलं कोण जाणे.

नाइट्सटाउन या बेटावरच्या गावात केबल स्टेशनची इमारत उभी आहे. आत प्रदर्शन मांडलंय. काचेच्या पेटीतल्या यंत्रावर मी नकळत बोट आपटत होतो, तर नातवानं विचारलं, "काय लिहिताय?" मी त्याचं नाव वाजवून दाखवलं. मग त्यानं माझं नाव वाजवायला लावलं. पुष्कळ वेळ गेला त्यात. त्या माणसाला भेटावं असं माझ्या मनात होतं, पण मी कुणाला पत्ता विचारला नाही. जो माणूस कप सोडून घरी गेला त्याच्या घरी तिऱ्हाइतानं कशाला जायचं?

जवळच एक मोकळं गवताळ मैदान होतं. एका टोकाला एच्‌सारखे खांब, पलीकडे समुद्र. नातवानं गाडीतून चेंडू काढला आणि माझ्याकडे फेकला. "आजोबा, उंच टाका." मी टाकला. त्याच्या हातून निसटला. परत टाकला. मला आठवतंय, मी त्याला सांगत होतो, "चेंडूकडे बघू नको सारखा, तो येणारच आहे. तुझा पाय कधी उचलायचा ते बघ." हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं, आणि बेचाळीस वर्षांत मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. मधूनच पाऊस आला आणि गेला. लेक गाडीत बसून हाका मारत होती. माझा खांदा दुसऱ्या दिवशी वर जात नव्हता. किती झेल जमले ते मी मोजलं नाही. सात-आठ जमले असतील.

निघताना म्हातारबुवांनी ते तिकीट मला देऊन टाकलं. न वापरलेलं आहे, मागचा गोंद अजून आहे. माझ्या जुन्या मोर्सच्या वहीत ठेवलंय.

मुंबईत परत आल्यावर एका रविवारी नातवाचा फोन आला. त्या दिवशीच्या सामन्यात त्याला अठरा मिनिटं मैदानात उतरवलं होतं. अठरा मिनिटांत काय काय झालं ते त्यानं अर्धा तास सांगितलं, एक झेल तर दोनदा. मग लेकीनं जेवायला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला. जिंकले की हरले, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.